मांडावरचे नाटक आणि पडद्यावरची मिळकत

आमोणे म्हटले की बेताळाचे देऊळ आणि मांडवीकाठचा कच्च्या लोखंडाचा कारखाना या दोन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तिसरी गोष्ट एकट्या आमोण्याची नव्हे. डिचोलीपासून पेडण्यापर्यंतच्या बहुतेक गावांची ती सामायिक मालमत्ता आहे. ती म्हणजे उत्सवातले नाटक. दिवसा खाणीवर, कारखान्यात वा कचेरीत राबणारे हात रात्री तालमीला लागतात, पेटीवाला व तबलजी शेजारच्या गावातून येतात, आणि देवासमोरच्या मांडावर पहाटेपर्यंत प्रयोग रंगतो. तिकीट नाही, बिदागी असली तर नावापुरती. या हौसेवर गोमंतकातील मराठी रंगभूमी पिढ्यान्‌पिढ्या जगली आहे.

अलीकडे या मांडाभोवती आणखी एक दृश्य दिसते. तालीम आटोपताच तीच मुले मंडपाच्या कोपऱ्यात बसून भ्रमणध्वनीवर लढाईचे खेळ खेळतात. काहीजण खेळता खेळता बोलतात, डावपेच समजावतात, ते चित्रित करून यूट्यूबवर चढवतात, आणि प्रेक्षक वाढले की जाहिरातींचे चार पैसे पदरात पाडून घेतात. उत्सवातले नाटकही आता याच वाटेने जाऊ लागले आहे. गावचा प्रयोग परदेशी गेलेल्या भावाबहिणींना पाहता यावा म्हणून आरंभी तो चढवला जातो. पुढे त्यावरही जाहिराती लागतात. वरकरणी या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी. परंतु दुसऱ्याच्या निर्मितीवर आपल्या प्रेमाने व कष्टाने काही उभारले, तर त्यातून येणाऱ्या पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न दोहोंत एकच आहे. त्याचे उत्तर मात्र दोन्ही ठिकाणी सारखे नाही, आणि तेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मांडाकडे पाहू. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ५२ वे कलम अपवादांचे आहे. त्यातील एक उपकलम जणू आमच्या गावांकडे पाहूनच लिहिले असावे असे वाटते. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या लाभासाठी साहित्यकृती, नाटक वा संगीत सादर केले, तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे देवस्थानच्या उत्सवात आचार्य अत्र्यांचे वा जयवंत दळवींचे नाटक गावच्या मुलांनी केले, तर त्या प्रयोगापुरते कायदा त्यांच्या आड येत नाही. अर्थात लेखकाच्या कुटुंबाला पत्र पाठवून कळवणे हे सौजन्य आहे. ते कायद्यात शोधू नये.

या सवलतीला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे, आणि तो आमच्याच किनाऱ्यावरच्या एका खटल्यात. शिवराम कारंतांनी यक्षगानाला जे नवे रूप दिले, त्याचे प्रयोग करण्यावरून मणिपाल येथील शिक्षणसंस्था आणि कारंतांच्या मृत्युपत्राने हक्क मिळालेल्या उत्तराधिकारी यांच्यात वाद झाला. २००९ साली न्यायालयाने उत्तराधिकाऱ्यांचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर कायद्यातील अपवादांचा, विशेषतः हौशी प्रयोगाच्या सवलतीचा, लाभ संस्थेला घेता येईल असेही स्पष्ट केले. यक्षगान शेकडो वर्षांचे आणि कोणा एकाचे नसलेले. परंतु त्याला कारंतांनी दिलेला साज कारंतांचा. दशावतार आणि कीर्तनाच्या आमच्या परंपरांनाही हा भेद लागू पडतो. पुराणकथा सर्वांची असते. त्यावर एखाद्याने लिहिलेली संहिता मात्र त्याची असते.

आता खरी मेख. ही सवलत प्रयोगाला आहे. तो प्रयोग चित्रित करून जगापुढे ठेवणे ही कायद्याच्या दृष्टीने दुसरी कृती आहे आणि तिला वेगळी परवानगी लागते. मग जाहिराती असोत वा नसोत. मांडावर जे निर्वेध, तेच पडद्यावर गेल्यावर हक्कभंग ठरू शकते. किती गावांतील नाट्यमंडळांना हा फरक ठाऊक आहे? आमच्या माहितीतील जे थोडे कार्यकर्ते भेटले, त्यांना तो ठाऊक नव्हता. आणि त्यांना दोष द्यावा असेही आम्हांला वाटत नाही.

मुदतीचा हिशेब तरी सोपा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ साली ती वाढली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले, तेव्हा त्यांची नाटके २००९ पासून मोकळी झाली आहेत. अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ अखेर संपेल. दळवी १९९४ साली, पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्यासाठी २०५४ आणि २०६० सालापर्यंत थांबावे लागेल. येथे एक गंमत आहे. 'मानापमाना'ची संहिता मोकळी, गोविंदराव टेंब्यांच्या चालीही मोकळ्या. परंतु एखाद्या नामवंत गायकाने गायिलेल्या त्याच पदाची तबकडी प्रयोगात वाजवली, तर त्या मुद्रणावर प्रकाशनापासून साठ वर्षे कंपनीचा हक्क असतो. यूट्यूबची यंत्रे २००७ पासून असे स्वर ओळखू लागली आहेत. मंडपात कोणी विचारत नाही, पण यंत्र विचारते, आणि सबंध प्रयोगावरची मिळकत कंपनीकडे वळू शकते. पेटीवाल्याला चार पैसे जास्त देऊन पद गावच्या गायकाकडून गाऊन घेणे म्हणूनच शहाणपणाचे, आणि ऐकायलाही बरे.

खेळांच्या जगात हौशी माणसाला अशी सवलत नाही. तेथे मालकाची मर्जी हाच कायदा. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०१३ साली आपल्या खेळांच्या चित्रफितींवरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. २०१५ साली भागीची योजना आणली: चित्रफितीमागे करणाऱ्याला शंभरातले साठ, बाकीचे कंपनीला. २०१८ अखेर ती गुंडाळून, स्वतःचे काही भाष्य वा कल्पकता घातली असेल तर ठरावीक मार्गांनी कमाई करण्यास मुभा दिली. पाच वर्षांत तीन नियम. २०१६ साली एका चाहत्याने सुमारे दशकभर खपून या कंपनीच्या एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती बनवली व फुकट वाटली. कंपनीने ती मागे घ्यावयास लावली, आणि पुढल्याच वर्षी त्याच खेळाची स्वतःची नवी आवृत्ती बाजारात आणली. फुकट वाटले म्हणून सुटका नाही, हा धडा आमच्या मुलांनी लक्षात ठेवावा.

उलट उदाहरणेही आहेत. 'काउंटर-स्ट्राइक' हा १९९९ साली दुसऱ्या खेळावर हौसेने केलेला बदल होता. मूळ खेळाच्या कंपनीने पुढच्याच वर्षी तो विकत घेतला व कर्त्यांना कामावर घेतले. 'माइनक्राफ्ट'च्या मालकांनी तर आपले असे काही घातलेल्या चित्रफितींतून पैसा मिळवण्यास पहिल्यापासून हरकत घेतली नाही. मात्र २०१५ च्या एप्रिलमध्ये 'स्कायरिम' या खेळातील चाहत्यांचे बदल विकत देण्याची योजना आली, तेव्हा कर्त्याच्या वाट्याला रुपयातले चार आणे ठेवले होते. चाहतेच एवढे भडकले की ती आठवड्याच्या आत मागे घ्यावी लागली. रुपयातले चार आणे हा वाटा आमच्या कुळांनाही अपरिचित नसावा.

गोव्यात हा विषय एरवी लग्नाच्या बँडच्या निमित्ताने ऐकू येतो. विवाह व धार्मिक समारंभांत संगीत वाजवण्यास परवाना लागू नये, या आशयाचे परिपत्रक राज्य शासनाने ३० जानेवारी २०२४ रोजी काढले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्याला आव्हान दिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. धार्मिक विधीला व विवाहाशी निगडित सोहळ्याला कायद्याने जी सूट दिली आहे ती अबाधित आहे. पण तिची व्याप्ती परिपत्रकाने वाढवता येत नाही. तो निर्णय आम्हांला योग्य वाटला, जरी आमच्या काही वाचकांना तो तसा वाटला नाही. सवलतीचा हात धरून तिचा खांदा उपटण्याची खोड आम्हां सर्वांनाच आहे. आमच्या पानांतील लेख उचलून इतरत्र छापणाऱ्यांवर आम्हीही चरफडतो, आणि जुनी छायाचित्रे छापताना ती कोणी काढली हे शोधायचे आमच्याही लक्षात राहत नाही.

तेव्हा करावे काय? कायद्यात हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय तो कमी करू शकते. गावच्या पोरांना या धाकाने नाटकापासून दूर लोटणे कोणालाच नको आहे. लेखकांच्या वारसांनाही नको असावे, कारण हे प्रयोग थांबले तर त्यांची नाटके ग्रंथालयाच्या फडताळातच राहतील. आमची सूचना साधी आहे. कला अकादमीने हयात नाटककारांशी आणि दिवंगत नाटककारांच्या वारसांशी बोलून एक छापील संमतिपत्र तयार करावे. त्यात प्रयोगाबरोबर ध्वनिचित्रमुद्रण व त्याचे प्रसारण यांचा स्वतंत्र उल्लेख असावा, मिळकतीतला वाटा आकड्याने लिहिलेला असावा, आणि मुदतही लिहावी. कारण हक्क लेखी दिला आणि त्यात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. देवस्थान समितीने असे पत्र पाहिल्याशिवाय चित्रणाला मंडपातून वीज देऊ नये. खेळांच्या चित्रफिती करणाऱ्या मुलांसाठी एवढे तरी सांगता येईल, की प्रत्येक कंपनीचे नियम तिच्या संकेतस्थळावर असतात. चित्रफीत चढवण्याआधी ते वाचावेत आणि त्या दिवशीची त्यांची एक प्रत जपून ठेवावी.