बाब 68 ते 8437

अकोला हे डाळमिलचं गाव. इथून डाळीबरोबर डाळमिलची यंत्रंही बाहेरगावी, परदेशी जातात. पण या यंत्रांना कागदावर स्वतःची ओळख मिळायला बराच काळ गेला. 1975 पासून उत्पादन शुल्काच्या तक्त्यात ‘बाब 68’ होती. ज्याला कुठेच जागा नाही, ते तिथे ढकलायचं. चाळणी असो, रोलर असो, सगळ्यांची बोळवण तिथेच व्हायची. 28 फेब्रुवारी 1986 ला नवा तक्ता लागू झाला आणि धान्य-कडधान्य साफ करणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या, दळणाऱ्या यंत्रांना 8437 हा क्रमांक मिळाला.

या क्रमांकांच्या वर्गीकरणातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. यंत्र सुटं करून एकाच खेपेत पाठवलं, तरी ते पूर्ण यंत्रच धरलं जातं. आख्खी डाळमिल कधीच एका तुकड्यात जात नाही. मात्र पॅकिंग लिस्टवर नुसतं ‘पत्रा, शाफ्ट, पट्टा, मोटार’ लिहिलं, की प्रत्येक नगाची वेगळी चौकशी सुरू होते. कोणता नग कोणत्या यंत्राचा, हे पेटीगणिक लिहावंच लागतं.

यंत्र पाठवण्यासाठीची पेट्यांची बांधणी त्या काळी साधी होती: फळ्यांची पेटी, आत पेंढा, वर गोणपाट आणि ट्रकवाल्याची बिल्टी. तरी डाळ सोलणारा एमरी रोलर बांधायला जुना फिटरच लागायचा. वजनाला भारी आणि तितकाच ठिसूळ. शाफ्टची दोन्ही टोकं खाचेच्या ठोकळ्यांवर बसवायची, टोकांना ग्रीस चोपडायचं आणि एमरी कुठेही टेकू द्यायची नाही. ही रीत आजही तशीच आहे.

2002 मध्ये लाकडी पेट्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आला. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवायचं किंवा त्याला धुरी द्यायची, मग ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा. निर्यातीच्या पेट्यांतून पेंढाही गेला. तपासणी यंत्राच्या पोटापर्यंत पोहोचली. चाचणीला घातलेल्या तुरीचे मूठभर दाणे दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाशी राहिले, तरी परक्या बंदरात माल अडतो. म्हणून पॅकिंगआधी हवा मारून सगळं झाडून घेणं आलं. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही.

देशातल्या विक्रीत जीएसटीने 2017 मध्ये वेगळाच पेच आणला. यंत्रावर 5 टक्के, मोटारीवर त्याहून बराच जास्त. मोटार यंत्रासोबत दाखवायची की वेगळी, यावर वाद झडू लागले. 18 जुलै 2022 ला यंत्राचा दरही 18 टक्के झाला. वाद मिटला, पण छोट्या गिरणीवाल्याचं यंत्र महागलं.