माहितीचा अर्ज : 'का' विचारू नका, कागद मागा

आपल्या पाथर्डीत उन्हाळा आला की पारावर एकच विषय असतो, टँकर. कागदावर खेपा किती, गावात किती, यावर संध्याकाळ सरते. पण पारावरच्या बोलण्याला उत्तर द्यायचं बंधन कोणावर नसतं. अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. अण्णा हजारे यांनी त्यासाठी आंदोलनं केली, त्यांचं राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यातलं. तेव्हा हा अर्ज कसा करायचा, ते आज पाहू.

आधी आमचीच चूक सांगतो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेलं, त्यामुळे 'का?' हा प्रश्न हाडीमाशी खिळलेला. पहिल्या अर्जात आम्ही दोन पानं भरून विचारलं, टँकर वेळेवर का येत नाही? याला जबाबदार कोण? उत्तर आलं एका ओळीचं : हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला. मग कायदा उघडून वाचला, तेव्हा कळलं की चूक आमचीच. कायद्याच्या लेखी माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेलं साहित्य : आदेश, अहवाल, करार, लॉगबुक. अधिकाऱ्यानं नव्यानं विचार करून कारणं लिहून द्यावीत, असं त्यात नाही. म्हणून 'का' विचारायचं नाही; ज्या कागदातून 'का'चं उत्तर निघेल, तो कागद मागायचा.

म्हणजे कसं? बघा : "१ एप्रिल ते ३१ मे या काळात आमच्या गावासाठी मंजूर झालेल्या टँकर खेपांचा आदेश आणि टँकरचं लॉगबुक यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." गाव, काळ, कागद, तिन्ही आले. आता टाळता येणं अवघड.

महाराष्ट्रात यासाठी 'जोडपत्र अ' हा नमुना आहे. वर 'जन माहिती अधिकारी' आणि कार्यालयाचं नाव. खाली आपलं पूर्ण नाव, पत्ता, सही. विषय एकच, मजकूर साधारण १५० शब्दांत. शुल्क १० रुपये; कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही, पुरावा मात्र जोडायचा. कार्यालय चुकलं तर घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम.

'तुम्हाला हे कशाला हवं?' असं कोणी विचारलं, तर कलम ६(२) लक्षात ठेवा. अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही. गंमत बघा, आपण 'का' विचारायचं नाही आणि त्यांनीही नाही!

अर्ज हातोहात द्या किंवा रजिस्टर टपालानं पाठवा. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि ती पोच जवळ नसेल तर दिवस कुठून मोजणार? मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करायचं. तिथेही निभावलं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आज घरी गेल्यावर एक करा. मनातली तक्रार कागदावर लिहा, आणि तिच्याखाली लिहा : याची नोंद कोणत्या वहीत असेल? त्या वहीचं नाव सापडलं, की अर्ज निम्मा झाला समजा.