पायाचे मागणीपत्र

अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत अभिकल्पाच्या प्रक्रियेची जी आकृती छापलेली असते, तिच्यात समस्येचा चौकोन सर्वांत वर आणि उत्तराचा सर्वांत खाली असतो. मधल्या चौकोनांत माहितीचे संकलन, अटींची निश्चिती, पर्यायांची तुलना, नमुना, परीक्षण अशी नावे लिहिलेली असतात आणि त्यांना जोडणारे बाण इतके निःशंक असतात, की कचेरीतील फाइल टेबलामागून टेबल सरकत अखेर साहेबांच्या सहीला पोहोचावी तशीच प्रत्येक वस्तू समस्येपासून उत्तरापर्यंत आपोआप पोहोचत असावी, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. आकृती खोटी नाही. तिच्यातील प्रत्येक पायरी खरोखरच चढावी लागते. फक्त ती आकृती काम संपल्यावर काढलेली असते, आणि काम चालू असताना माणसे ज्या पायऱ्यांवरून पुन्हापुन्हा खाली उतरली, त्यांचा हिशेब तिच्यात राहत नाही. त्यातही सर्वांत वरच्या चौकोनाची हेळसांड अधिक होते. समस्या काय आहे हे जणू सर्वांस ठाऊकच आहे, असे गृहीत धरून विद्यार्थी व अध्यापक दोघेही पुढे सरकतात. ही चूक किती महाग पडते आणि ती टाळल्यास काय साधते, हे पाहावयाचे असेल तर जयपूरच्या कृत्रिम पायाइतके बोलके उदाहरण आपल्या देशात मला दुसरे आढळत नाही.

विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक काम करीत होते. अपघातात वा रोगाने पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय मिळण्याची सोय त्या काळी देशात मोजक्याच ठिकाणी होती. लष्कराने १९४४ साली पुण्यात स्थापन केलेले कृत्रिम अवयव केंद्र हे त्यांतील अग्रगण्य. जो पाय मिळे, तोही सदोष नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘सॅच’ पायाचा जगभर बोलबाला होता: आत लाकडाचा कणखर गाभा, टाचेखाली रबराची मऊ उशी, घोट्याला सांधा नाही, त्यामुळे बिघडण्यासारखेही काही नाही. परंतु सेठींच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. ज्यांना एवढ्या खटपटीने हे पाय बसवून दिले, त्यांतील पुष्कळ जण काही काळाने पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेऊन हिंडताना दिसत.

अशा प्रसंगी रोग्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखविण्याची सोय तज्ज्ञाला नेहमीच उपलब्ध असते, आणि तिचा लाभ घेण्याचा मोह मोठ्या मोठ्यांना आवरत नाही. सेठींना तो आवरला. पाय का टाकला, याची चौकशी केल्यावर जे निष्पन्न झाले ते असे, की तो पाय बुटाशिवाय वापरता येत नव्हता, आणि बूट घालून घरातील चुलीपाशी किंवा देवळाच्या गाभाऱ्याशी जाणे त्या माणसांना शक्य नव्हते. बूट काढावा तर टाचेची उंची बदलून सारा तोल बिघडे. शेतात चिखल आणि पाणी, त्यात बूट रुतणार आणि लाकूड कुजणार. घोटा वाकत नसल्यामुळे उकिडवे बसता येईना, म्हणजे प्रातर्विधीचीही पंचाईत; पाऊल वळत नसल्यामुळे मांडी घालून बसता येईना, म्हणजे पंगतीतून आणि पंचायतीतून ते माणूस उठलेच. ओबडधोबड जमिनीवर चालताना तळवा बाजूला कलत नसे, म्हणून तो सारा पीळ वर जाऊन कापलेल्या पायाच्या टोकाला झोंबे. शिवाय बूट निघाला की खाली दिसणारा लाकूड-रबराचा ठोकळा पायासारखा दिसतही नसे. सॅच पाय हे एका उत्तम प्रश्नाचे उत्तम उत्तर होते. मात्र तो प्रश्न फरसबंद रस्त्यावर बूट घालून चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा होता.

या चौकशीतून तयार झाले ते या पायाचे मागणीपत्र. अनवाणी वापरता यावा, पाण्यात भिजला तरी हरकत नसावी, टाच जमिनीला टेकवून उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, खडबडीत वाटेवर तळवा आपोआप कलावा, खऱ्या पायासारखा दिसावा, स्थानिक कारागिराला स्थानिक मालातून बनविता यावा आणि गरिबाला परवडावा. यांतील एकही अट वैद्यकाच्या ग्रंथातून आलेली नाही. सर्व अटी रोग्यांच्या तक्रारींतून आल्या, आणि अभियंत्याच्या दृष्टीने त्यांतील बहुतेक मोजता किंवा निदान तपासता येण्याजोग्या होत्या, हे त्यांचे मोठे मोल.

येथे थोडे विषयांतर करून सांगितले पाहिजे, की अटी नेमक्या लिहिल्या म्हणजे उत्तर सापडतेच असे नाही. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हाची अटींची यादी आजच्या कोणत्याही कारखान्याच्या अभिकल्प-विभागाने आदर्श म्हणून भिंतीवर लावावी अशी होती: खेड्यातील साध्या घरात हाताने वा पायाने चालावा, स्त्रीला त्यावर सलग आठ तास विशेष श्रम न होता काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वेळेवर निगा राखल्यास वीस वर्षे चालावा. पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. उत्पादन वाढवावे तर यंत्र जड व महाग होते, हलके व स्वस्त करावे तर उत्पादन घटते. अटी एकमेकींशी झगडत होत्या, आणि त्या झगड्यात कोणत्या अटीने किती माघार घ्यावी हे ठरविणे हेच अभिकल्पाचे खरे कर्म आहे. जयपूरलाही तोच झगडा होता. तेथे तो सुटला, याचे पुष्कळसे श्रेय रामचंद्र शर्मा या कारागिराला आहे.

रामचंद्रांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवीत. हाताला धातू, लाकूड, प्लास्टर यांची पिढीजात ओळख, आणि डोळ्याला मानवी आकृतीची. पायाची हुबेहूब प्रतिकृती घडविणे त्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते वाकूनही न तुटणारे द्रव्य शोधणे. ते द्रव्य सापडले रस्त्यावर. सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणून ते दुकानात थांबले असता तेथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम चाललेले त्यांनी पाहिले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कच्चे रबर साच्यात घालून गंधकासह तापविले, की ते चिवट, लवचिक आणि पाण्याला दाद न देणारे होते, म्हणजे मागणीपत्रातील निम्म्या अटी त्या एका भट्टीत पुऱ्या होत होत्या. पायाचा ॲल्युमिनियमचा साचा ओतून घेण्यात आला आणि टायरवाल्याकडे रबराचा पाय भाजून निघाला.

पाठ्यपुस्तकातील बाण येथे उत्तराकडे वळला असता. प्रत्यक्षात हा पहिला पाय जड होता आणि ताठही होता, कारण भरीव रबर माणसाच्या वजनाला पुरेसे वाकत नाही. तेव्हा प्रश्न बदलला: कोणते द्रव्य, हा प्रश्न मागे पडून कोठे कोणते द्रव्य, हा पुढे आला. पुढील प्रयत्नांतून जी रचना स्थिरावली, ती पायाचा उभा छेद घेऊन पाहिल्यास स्पष्ट दिसते. चवडा आणि टाच या दोन ठिकाणी बारीक छिद्रांच्या स्पंज रबराचे ठोकळे. घोट्याच्या जागी हलक्या लाकडाचा ठोकळा, ज्यात वरच्या नळीला जोडणारा बोल्ट घट्ट बसतो. या तिन्हींभोवती टायरमध्ये वापरतात तसल्या दोरायुक्त रबराचे वेष्टन. तळव्याला झीज सोसणारे टायरचे रबर. आणि सर्वांवर कातडीच्या रंगाचा पातळ थर. हे सारे साच्यात एकत्र दाबून भाजले, की बोटांसकट एकसंध पाऊल बाहेर येते.

खरी खुबी लाकडाच्या लांबीत आहे. सॅच पायात लाकडी गाभा चवड्यापर्यंत पुढे गेलेला असतो, म्हणून पाऊल ताठ राहते. जयपूरच्या पायात तो घोट्यापाशीच थांबविला, त्यामुळे पुढचा सारा भाग वर वाकू शकतो, बाजूंना कलू शकतो आणि नळीभोवती थोडा फिरूही शकतो. उकिडवे बसणे, चढण चढणे आणि मांडी घालणे या तीन वेगवेगळ्या मागण्यांना सांधा, बिजागरी वा स्प्रिंग यांतील काहीही न वापरता एकच उत्तर मिळाले. अर्थात त्याची किंमतही होती. पाऊल जितके मऊ, तितका पुढच्या पावलाला रेटा देताना त्याचा आधार कमी. हा तोटा दोरायुक्त वेष्टनाने काही अंशी भरून काढला आणि उरलेला पत्करला. पाऊल वजनदार राहिले, तेही पत्करले. परीक्षण झाले ते प्रयोगशाळेच्या आधी शेतात: चिखलात उभे राहून काम करणारे, झाडावर चढणारे लोकच परीक्षक होते. १९६८ हे या पायाचे जन्मवर्ष मानतात. शास्त्रीय नियतकालिकात सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरील सविस्तर निबंध १९७८ साली आला.

पाऊल झाले, तरी त्याच्या वरची नळी उरतेच. ती प्रथम ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवीत आणि हे ठोकण्याचे काम भांडी घडविणाऱ्या ठठेऱ्यांच्या हातचे होते. पुढे पाण्यासाठी वापरतात त्या उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे पाइप आले. रुग्णाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, भट्टीत मऊ केलेला पाइप त्यावर ओढून चढवावयाचा, आतील हवा शोषून घेऊन तो अंगाबरोबर बसवावयाचा आणि थंड झाल्यावर कापून पाऊल जोडावयाचे, असा हा क्रम आहे. दूरच्या गावाहून आलेला माणूस थोडक्या मुक्कामात चालत परत जाऊ लागला तो या सुधारणेमुळे.

आणखी एक उणीव अभियांत्रिकीच्या हद्दीबाहेरची होती. पाय तयार होऊनही पहिली काही वर्षे तो फार थोड्यांना मिळाला, कारण त्यासाठी ठिकठिकाणच्या खिडक्यांवर खेटे घालणे आणि राहण्याखाण्याचा खर्च सोसणे पांगळ्या व निर्धन माणसाला जमत नव्हते. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. दारात आलेल्याला त्याच वेळी दाखल करून घ्यावयाचे, जेवणाखाण्याची तजवीज करावयाची आणि पाय विनामूल्य द्यावयाचा, हा तेथील परिपाठ. माझ्या मते हाही अभिकल्पाचाच भाग मानावयास हवा, कारण मागणीपत्रातील ‘गरिबाला परवडावा’ ही अट त्याच्याखेरीज पुरी होत नव्हती. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन या पायावर पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या आणि ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. नृत्य ही अट मूळ यादीत कोठेही नव्हती.

दोष अजून शिल्लक आहेत. वजन कमी करण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्याने पॉलियुरेथेनचे पाऊल तयार झाले. मांडीतून पाय कापलेल्यांना नुसते पाऊल पुरत नाही, त्यांच्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर अल्प किमतीचा गुडघा विकसित केला गेला आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ सालच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. मूळच्या रबरी पावलाचे मात्र सेठींनी पेटंट घेतलेच नाही. त्यामुळे साचा, रबर आणि भट्टी ज्याच्यापाशी आहे त्या कोणालाही हा पाय बनविता येतो, आणि त्याचमुळे हातकामाच्या या वस्तूचा दर्जा केंद्रागणिक कमीअधिक होतो, अशी तज्ज्ञांची तक्रारही असते. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून निघाल्या आहेत, आणि तक्रार रास्त असली तरी तो निर्णय मला योग्य वाटतो.