आतली रेषा आणि तिचा परवाना

पूर्वी आपल्याकडचा माणूस लांबच्या प्रवासाला निघाला म्हणजे काशी-रामेश्वराला निघाला असे समजत. आता आपल्या रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवरसुद्धा तवांग, नथुला, आदि कैलास ही नावे ऐकू येतात. भाताची कापणी झाली, हातात दोन पैसे आले की पाच-सहा घरची मंडळी मिळून निघतात. आणि निघण्याआधी एक प्रश्न हटकून येतो. विद्यार्थीही तो मला वर्गात विचारतात : "सर, देश आपलाच ना? मग आपल्याच देशात फिरायला परवाना कशाला?"

प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भारतभर मोकळेपणाने फिरण्याचा आणि कुठेही वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याच अनुच्छेदात पुढे पाचवा खंड आहे, तो बहुधा शिकवायचा राहून जातो. सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी, किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी, ह्या हक्कावर वाजवी बंधने घालता येतील असे तो सांगतो. 'अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी' हे शब्द ध्यानात ठेवा. परवान्याचा खरा धागा तिथे आहे.

लोकांची समजूत अशी, की सरहद्द जवळ आली म्हणून परवाना लागतो. चीन पलीकडे, म्हणून पहारा. हे अर्धेच खरे. अरुणाचलात भालुकपाँग नावाचे ठिकाण आहे. आसामचे सपाट मैदान संपून डोंगर सुरू होतो, अगदी तिथे. तपासणीचा नाका तिथेच आहे. तिथून तवांग अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर, आणि सरहद्द त्याच्याही पुढे. म्हणजे नाका सरहद्दीवर नाही, डोंगराच्या पायथ्याशी आहे! शिक्षकांनी फळ्यावर दोन रेषा काढून दाखवाव्यात. वरची देशाची सरहद्द. १९१४ साली ठरलेली मॅकमोहन रेषा ती हीच. खालची, पायथ्यालगतची, ती 'इनर लाईन', म्हणजे आतली रेषा. ह्या दोन रेषांच्या मध्ये राहणाऱ्या माणसांच्या घरी जायचे, तर परवाना लागतो.

ही आतली रेषा काढली इंग्रजांनी. 'बंगाल ईस्टर्न फ्राँटियर रेग्युलेशन' हा त्यांचा १८७३ चा कायदा. त्यात डोंगरी लोकांविषयी फारशी माया होती असे समजू नका. आसामात चहाचे मळे वाढत होते. मळेवाले आणि व्यापारी रबर, मेण, हस्तिदंत यांच्या लोभाने डोंगरात शिरत, डोंगरातल्या लोकांशी खटके उडत, आणि निस्तरण्याचा खर्च सरकारच्या अंगावर पडे. तेव्हा सरकारने रेषा ओढली आणि आपल्याच प्रजेला बजावले, की पासावाचून पलीकडे पाऊल टाकायचे नाही. रबर, मेण, हस्तिदंत हे जिन्नस त्या कायद्यात नावानिशी लिहिलेले आहेत. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे : बाहेरच्या माणसाला सरकारच्या मंजुरीवाचून रेषेपलीकडच्या जमिनीत हितसंबंध निर्माण करता येणार नाही. इंग्रज गेले, कायदा राहिला. मळ्यांच्या सोयीसाठी काढलेली रेषा आज डोंगरातल्या लोकांना आपल्या जमिनीभोवतीच्या गडग्यासारखी वाटते.

हे कोकणी माणसाला परके वाटू नये. २०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६ लाखांच्या वर होती, आणि सबंध अरुणाचल प्रदेशाची १४ लाखांच्या आत. क्षेत्रफळ मात्र त्यांचे आपल्या दहापट. एवढ्याशा वस्तीत न्यिशी, आदी, अपातानी, मोन्पा अशा कितीतरी जमाती, प्रत्येकीची भाषा निराळी. काहींची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथे बाहेरून पाच-पंचवीस हजार माणसे येऊन स्थायिक झाली, तर काय होईल?

किनाऱ्यालगतच्या आपल्या गावांत काय होते ते आपण पाहतोच. रस्ता रुंद होणार अशी नुसती कुणकुण लागली, की मुंबईचे दलाल सातबारा शोधत फिरू लागतात. आपला १९४८ चा कूळकायदासुद्धा सांगतो, की जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. अपवाद आहेत, पळवाटाही आहेत, तरी शेतकरी असल्याचा दाखला मागितला जातोच ना? आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची, तर महाराष्ट्रातही वरून मंजुरी लागते. मग अरुणाचलने दारात विचारले, "कोण, कुठले, किती दिवस राहणार?" तर त्यात आपला अपमान कसला?

परवानगीची दुसरी जातही रत्नागिरीने पाहिली आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे तीस वर्षे राहिला आणि १९१६ साली इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ ह्या काळात सरकारच्या अनुमतीवाचून जिल्हा सोडता येत नव्हता. ती बंधने माणसाला आत कोंडण्यासाठी होती. आतल्या रेषेचे उलटे आहे. आतला माणूस मोकळा, बाहेरच्याने विचारून यायचे.

ह्याचा अर्थ परवाना म्हणजे रामबाण उपाय, असेही मी म्हणत नाही. रस्त्याच्या कामावर बाहेरून आलेल्या मजुराला तो जाच वाटतो, आणि पर्यटनावर पोट असलेल्या तिथल्याच माणसाला तो सैल व्हावासा वाटतो. दोन टोकेही दिसतात. मणिपूरला हा नियम लागू झाला तो अलीकडे, २०१९ च्या डिसेंबरात, आणि तोही तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर. उलट लडाखमध्ये पँगाँग, नुब्रा वगैरे भागांसाठी भारतीयांना लागणारा परवाना २०२१ साली काढून टाकण्यात आला. आणि त्याच लडाखचे लोक आपली जमीन व नोकऱ्या राखण्यासाठी राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण मागत आहेत.

आता जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर ह्या चार राज्यांत बाहेरच्या भारतीयाला इनर लाईन परवाना लागतो. अरुणाचलचा परवाना आता घरबसल्या, संगणकावर किंवा मोबाईलवर अर्ज करून काढता येतो. फोटो आणि ओळखपत्र लागते, मुदत ठरावीक दिवसांची असते. ओळखपत्रावरचे नाव अर्जात अक्षरशः उतरवा. आपल्याकडे एका कागदावर नवऱ्याचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर वडिलांचे, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंगच निराळे. घरात चालून जाते, नाक्यावर खोळंबा होतो. परवान्याच्या दोन-तीन छापील प्रती जवळ असू द्या, कारण डोंगरात मोबाईलचा भरवसा नाही.

तवांगला पोचलात म्हणून बूमला खिंडीपर्यंत जाता येते असे नाही. ती जागा थेट सरहद्दीवर, पंधरा हजार फुटांवर आहे आणि तिची परवानगी निराळी, ती तवांगला मिळते. सिक्कीम राज्यात शिरायला भारतीयाला परवाना लागत नाही, पण नथुलाला जायला लागतो. तो गंगटोकला नोंदणी झालेल्या प्रवासी संस्थेमार्फत काढतात. कोणते ओळखपत्र चालेल ते आधी विचारावे. मतदार कार्ड बरोबर असलेले बरे. सोमवार-मंगळवार नथुला बंद असते, तेव्हा वार पाहून बेत आखा. आदि कैलासाला जाणाऱ्यांचा परवाना उत्तराखंडात धारचुला येथे होतो.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी परवान्याचे काम एक महिना आधी हाती घ्यावे. प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक यांची एकच यादी करावी. उंचीची काळजीही घ्यावी. आपली मुले समुद्रसपाटीवर वाढलेली, आणि तवांग दहा हजार फुटांवर, सेला खिंड तेरा हजारांच्या वर. वाटेत बोमडिलाला किंवा दिरांगला एक मुक्काम केला तर अंगाला सवय होते. आणि परवान्याची मुदत मोजताना परतीचा एक दिवस जास्तीचा धरावा. दरड कोसळून रस्ता बंद होतो म्हणजे काय, हे आंबा घाटाखालच्या माणसाला वेगळे सांगायला नको.