विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, जुना संगणक भंगारात काढायचा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. संगणक सुरूच राहतो. पण सुरक्षेतील त्रुटी बुजवणारे अपडेट आपोआप मिळत नाहीत. मग पर्याय कोणते?

विंडोज ११ का बसत नाही?
त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद ठरतात. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय देण्यात आली.

दुकान, कार्यालयासाठी काय?
हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज सोडणे अवघड. टॅलीप्राइम थेट विंडोजवरच चालते. मॅक घेण्याआधीही हे तपासावे. ॲपलच्या एम मालिकेतील चिप असलेल्या मॅकमध्ये विंडोज थेट टाकता येत नाही.

घरासाठी काय?
ब्राउझर, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत मिळते. त्यात लिब्रेऑफिस असते, युनिकोड मराठीही टाइप होते. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून वायफाय आणि प्रिंटर जुळतो का, हे पाहता येते. हार्ड डिस्कवरील विंडोज तसेच राहते.

निर्णय कसा घ्यावा?
रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आधी करा, संगणक नंतर निवडा. आणि काहीही बदलण्यापूर्वी फोटो, कागदपत्रांचा बॅकअप घ्या.