गाईच्या पोटातला खिळा

कुत्र्याने नको ते गिळले, तर पुष्कळदा तो ते ओकून टाकतो. गाय ओकत नाही. वस्तुतः पोटातले अन्न तोंडात परत आणणे हा तिचा रोजचाच उद्योग. पण रवंथासाठी वर येतो तो भिजलेला, हलका चारा. जड वस्तू तळाशी बसते ती बसतेच. वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात धडधाकट बैल एकाएकी कुटाराकडे पाठ फिरवतो, तेव्हा त्यामागे तारेचा बोटभर तुकडाही असू शकतो.

शेळी ओठांनी पाने निवडून खाते. गाय जिभेने घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. तिच्या जिभेवरचे व गालांच्या आतले काटेरी उंचवटे घशाकडे वळलेले असतात. त्यामुळे चाऱ्यातून आलेला खिळा तोंडात टोचला, तरी बाहेर पडत नाही.

पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा रूमेन. त्याच्या पुढे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे आतले अस्तर असलेला छोटा कप्पा म्हणजे रेटिक्युलम. खिळा येथे अडकतो. हा कप्पा साधारण मिनिटाला एकदा जोराने आकुंचन पावतो, आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर खिळ्याचे टोक भिंतीत रुतत जाते. पुढे फक्त श्वासपटल, आणि त्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय! गाभण गाईत वाढते वासरू पोटाला पुढे रेटते, म्हणून विण्याच्या सुमारास धोका अधिक.

लक्षणे फसवी असतात. जनावर पाठीची कमान करून, कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावर चालायला कचरते, बसताना कण्हते. दूध घटते. घरच्या औषधाने दोन दिवस बरे वाटते, मालक अपचन समजून निश्चिंत होतो, आणि मौल्यवान वेळ निघून जातो. खिळा हृदयाच्या आवरणात शिरला, तर तेथे पू साठतो, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगतात, गळ्याखाली सूज उतरते. मग शस्त्रक्रियेचाही फारसा उपयोग होत नाही.

अशा जनावराला वाशीमहून सुमारे ८० किलोमीटरवर अकोल्याला नेता येते. (१९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते.) तेथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात एकाच बैलाच्या छातीला अनेक विद्यार्थी आळीपाळीने स्टेथोस्कोप लावतात, आणि पुस्तकात वाचलेला हृदयाभोवतीच्या द्रवाचा डुचमळता आवाज ओळखू लागतात. एक तपासणी अगदी साधी आहे : वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबायची. निरोगी जनावर पाठ खाली दबवते. आत टोचत असेल, तर ते पाठ ताठ ठेवते आणि कण्हते. यंत्रांआधी हे शिकवले जाते, ते मला फार योग्य वाटते. खेड्यातल्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्र असेलच असे नाही.

शस्त्रक्रियेची रीतही पाहण्याजोगी. कुत्र्याला उपाशी ठेवून, पूर्ण भूल देऊन टेबलावर निजवतात. गाईचे पोट मात्र दिवसभर उपाशी ठेवूनही रिकामे होत नाही; मोठ्या गाईच्या रूमेनमध्ये शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. आडवी केली, तर हा भार फुप्फुसांवर पडतो आणि पोटातले पाणी घशाशी येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून ती उभीच ठेवून डाव्या कुशीपुरती भूल देतात. रूमेनची भिंत आधी कातडीला शिवून घेतात, म्हणजे आतले एक थेंबही पोटाच्या पोकळीत सांडत नाही. मग भोक पाडून डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि रेटिक्युलम चाचपून खिळा काढतात.

यावर एक स्वस्त प्रतिबंधक उपायही आहे : गुळगुळीत, लांबट गोल लोहचुंबक गाईला गिळायला देणे. जड असल्याने तोही रेटिक्युलममध्येच जन्मभर राहतो आणि पुढे येणारे खिळे स्वतःला चिकटवून ठेवतो. शाळेतला पट्टीचुंबक टोपलीभर कुटारातून फिरवून पाहा. विद्यार्थ्यांना चुंबकत्वाचा याहून उपयोगी प्रयोग क्वचितच मिळेल. तांब्याच्या तारेला मात्र चुंबक धरत नाही. भाजीच्या देठांसकट गिळलेल्या प्लास्टिक पिशव्यांनाही नाही. राज्यात २०१८ साली त्यांवर बंदी आली, तरी उकिरड्यावर त्या दिसतातच. आत त्यांचा दोऱ्यासारखा गुंता होत जातो, आणि तो काढायला कूसच उघडावी लागते.