वृद्धी घटकांचे स्थिरीकरण

वृद्धी घटकांचे स्थिरीकरण म्हणजे पेशींना वाढीचा संकेत देणारी प्रथिने काच किंवा बहुवारिकाच्या पृष्ठभागाला बांधून, त्यावर वाढणाऱ्या पेशींना चालना देण्याची पद्धत होय.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्राला पेशी संवर्धन म्हणतात. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी जतन करून संशोधकांना पुरवते. संवर्धनात वृद्धी घटक सामान्यतः द्रव माध्यमात मिसळतात. ते पेशीपटलावरील ग्राहींना जोडले जातात. त्यानंतर पेशी त्यांना ग्राहींसह आत ओढून घेते व त्यांचे विघटन करते. त्यामुळे ही महागडी प्रथिने पुन्हा पुन्हा घालावी लागतात. पृष्ठभागाला बांधलेला घटक पेशीला आत घेता येत नाही. म्हणून संकेत अधिक काळ आणि नेमक्या जागी मिळतो.

मात्र प्रथिन नुसते चिकटवणे पुरेसे नसते. १९९६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिंडा ग्रिफिथ-सीमा व त्यांच्या सहकाऱ्याने एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हा ५३ ॲमिनो आम्लांचा घटक पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या लवचीक, ताराकृती रेणूंद्वारे काचेला जोडला. त्यावरील उंदराच्या यकृतपेशींनी द्रवातील मुक्त घटकाइतकाच प्रतिसाद दिला. नुसत्या चिकटलेल्या घटकाचा परिणाम दिसला नाही. बंध पक्का हवा, पण रेणूला हालचालीची मोकळीकही हवी, हे यावरून स्पष्ट झाले.

जखमेवरील आवरणे व कृत्रिम ऊती यांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरू शकते. तथापि, दीर्घकाळ मिळणाऱ्या संकेतामुळे पेशींची अनिर्बंध वाढ होत नाही ना, हे रुग्णांवर वापरण्यापूर्वी तपासणे आवश्यक असते.